येऊ द्या, येऊ द्या

उलटं कसं जायचं, हे मला कोणी शिकवू नये. गोदामाच्या आवारात दिवसभर मी तेच करतो. लांबून आलेले ड्रायव्हर भरलेले ट्रेलर फाटकाशी सोडतात आणि आळस देत चहाला जातात. ते ट्रेलर उलटे घेऊन डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, नेमके भिडवायचे हे माझं काम. वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. लोक गाडी सरळ चालवून पोट भरतात, मी उलटी चालवून. तेव्हा पायात चाकांचे बूट घालून उलटं जायचं आणि थांबायचं, त्यात कसलं आलंय कौतुक, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं?

सगळंच चुकलं. पण ते पुढे सांगतो, आधी माझ्या लेकीबद्दल.

तिला मी भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी म्हणून टिकत नाही. नऊ वर्षांची आहे. ती तिच्या आईकडे राहते आणि मी माझ्याकडे. आम्हा दोघांचं भांडण आता इतकं जुनं झालंय की कोणी कोणावर आवाजही चढवत नाही. "आलास?" "आलो." "स्वेटर दिलाय." "बरं." एवढ्यात आमचा संसार आटोपतो. रविवारची दुपार माझी. दुपारी न्यायची, अंधार पडायच्या आत आणून सोडायची.

ती दुपार स्केटिंगमध्ये जाते. मैदानाच्या मागे सिमेंटचा गुळगुळीत रिंक आहे, भोवती लोखंडी कठडा, एका अंगाला फाटक. तिथे एका बाईंचं राज्य चालतं. केस पांढरे, पाठ ताठ, गळ्यात कायम शिट्टी. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात, अगदी त्यांच्या तोंडावरसुद्धा. भिंगरी त्यांच्या हाताखाली शिकली आणि सुसाट सुटली. तिच्या मागे राहता यावं म्हणून या वयात मीही बूट घेतले. आपटलो, उठलो, परत आपटलो, आणि सरळ जायला शिकलो. बुटाच्या टाचेला रबराचा ब्रेक असतो. पाय पुढे करून टाच दाबली की माणूस थांबतो. तेवढं जमलं.

पण ती पुढे आणि मी मागे. मला दिसतं काय? वेणी. वेणीचं निळं रबरबँड. हेल्मेटवरचं अर्धं उकललेलं मांजराचं स्टिकर. स्कूटरवर ती माझ्या मागे बसते. खायला बसलो की तिची मान ताटात, सिनेमाला गेलो की डोळे पडद्यावर. आठवड्यातून एक दुपार पोरगी मिळते आणि तिचं तोंड काही बघायला मिळत नाही. फोनवर बघ म्हणतात. फोनवर मला तिचं कपाळ दिसतं आणि छताचा पंखा.

त्यात रिंकवर एक लाल टी-शर्टवाला बाप येतो. मला तो माणूस आवडत नाही, आधीच सांगून टाकतो. हा स्वतः उलटा जातो, लेकीचे दोन्ही हात हातात, आणि तिच्या तोंडाकडे बघत, गप्पा मारत अख्खा रिंक फिरतो. पोरगी त्याला काय काय सांगत असते, खिदळत असते. मी कठड्याशी बुटाच्या नाड्या बांधत बघत बसायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याने एकदा मला बघून हात हलवला. मी नाडीत तोंड घातलं.

मग एका रविवारी लेकीला सोडायला गेलो तर तिची आई दारातच म्हणाली, "जरा बोलायचंय."

ती नर्स आहे. तिला दुसऱ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती. रेल्वेने पूर्ण दिवस जातो, इतकं लांब. तिथे तिची आई आहे, बहीण आहे, पोरगी शाळेतून आली की घर उघडं असेल. शाळेचं वर्ष संपलं की निघणार.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू सुट्टीत ये. ती सुट्टीत येईल. फोन आहेच."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. तिने विचारलं, तिथे रिंक आहे का."

"आहे का?"

"आहे."

सगळं बरोबर होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. माणसाला भांडायला निदान काहीतरी लागतं की नाही? तिने तेवढंही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी "बरं" म्हटलं आणि स्कूटर सुरू केली. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. पोरगी जायच्या आधी मला एक फेरी हवी. तिचे हात माझ्या हातात, तिचं तोंड माझ्यासमोर, फाटकापासून फाटकापर्यंत. एक फेरी. बाकी मी कोणाकडे काही मागत नव्हतो.

शिट्टीबाईंना जाऊन भेटलो.

"उलटं जायचंय?" त्या म्हणाल्या. "जा की. पण पोराचा हात धरून जायचं असेल तर आधी मला उलटं थांबून दाखवायचं. माझ्या रिंकचा नियम आहे. मागे एक काका असेच निघाले, कठड्यावर जाऊन आदळले. पोरगं त्यांच्यावर, त्याच्यावर आणखी दोन."

"बाई, मी दिवसभर उलटाच जातो. ट्रेलर घेऊन."

"ट्रेलरला ब्रेक असतो, ड्रायव्हरसाहेब. तुमच्या बुटाचा ब्रेक टाचेला आहे. उलटं जाताना तो नुसता शोभेला."

आणि त्यांनी करून दाखवलं. उलट्या गेल्या, सहज, स्वयंपाकघरातून बाहेर यावं तशा. मान खांद्यावरून मागे वळवली, एका गुडघ्यात वाकल्या, सगळं वजन त्या पायावर टाकलं आणि दुसरा पाय मागे आडवा टेकवून चाकं सिमेंटवर घासली. खर्रर्र. जागच्या जागी उभ्या.

"आधी मान," त्या म्हणाल्या. "मागे काय आहे ते आपण बघायचं, मग पाय. उलटं केलंत तर दवाखाना."

मान मागे वळवायची, हे मला पटेना. आम्ही ड्रायव्हर लोक आरशात बघतो. मान वळवून ट्रेलर मागे घेणारा ड्रायव्हर मला दाखवा. म्हणून पुढच्या वेळी मी सायकलचा गोल आरसा आणला आणि हेल्मेटला चिकटपट्टीने गच्च बसवला. स्वतःच्या डोक्याचं मला फार कौतुक वाटलं.

शिट्टीबाई बराच वेळ बघत राहिल्या. "हे काय?"

"आरसा."

"कुठे लग्नाला निघालात का?"

तरी मी गेलो. आरशात सगळं छान दिसलं. आभाळ दिसलं, दिव्याचा खांब दिसला, खांबावरचा कावळा दिसला. तो नीट दिसावा म्हणून मी हनुवटी वर केली, हनुवटीबरोबर वजन टाचांवर गेलं, आणि पुढच्या क्षणी माझी बैठक सिमेंटवर. भिंगरी हसून हसून कठड्याला लटकली. लाल टी-शर्टवाला धावत आला, मला हात दिला, वर "काका, लागलं का?" असं विचारलं. काका! माझ्याच वयाचा असेल मेला.

आरसा शिट्टीबाईंनी स्वतःच्या हाताने काढला.

मग मी मामांना साकडं घातलं. मामा म्हणजे आमच्या आवारातला आवाज. मी ट्रेलर मागे घेतो तेव्हा ते डॉकपाशी उभे राहून हाका देतात. "येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, येऊ द्या... बस्स!" बस्स म्हटलं की मी थांबतो, आणि ट्रेलर नीट भिडला असला की ते त्याच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थोपटतात. थप थप. म्हणजे लागला, आता उतर खाली. इतकी वर्षं झाली, मामा चुकले असं झालं नाही. भिंगरी लहान असताना मी तिला आवारात न्यायचो, तर मामा तिला ओट्यावर उभी करून हाका द्यायला लावायचे. "येऊ द्या" ती कशीबशी म्हणायची, सगळा जीव त्या "बस्स"मध्ये. एवढं मोठं धूड आपल्या एका शब्दावर थांबतं, याचं तिला कोण अप्रूप! पुढे तिचे ते चिमुकले हात पत्र्यावर थप थप करायचे, आणि मी आत बसून उगाचच हसायचो.

तर कामाची पाळी संपली की मोकळ्या डॉकसमोर आमचा सराव सुरू झाला. मी बुटांवर, मामा मागे उभे.

"येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

खर्रर्र. थांबलो! मामांनी माझ्या पाठीवर थप थप केलं. परत. परत थांबलो. पायाची चाकं एका बाजूने झिजली, मांडी दुखून जिना चढवेना, पण थांबायला लागलो. आता जिंकलोच, असं धरून मी पुढच्या रविवारी शिट्टीबाईंसमोर उभा राहिलो.

उलटा निघालो. वेग चांगला होता. पाय तयार होता. आणि मी वाट बघत राहिलो. कशाची, हे कठड्यावर आदळल्यावर कळलं. बस्स कोणी म्हटलंच नव्हतं.

बाई जवळ आल्या. त्यांना मामांची सगळी हकीकत सांगावी लागली. वाटलं, आता खिल्ली उडवतील. पण त्या हसल्या नाहीत. "पाय चांगला पडतोय," म्हणाल्या. "पण मान वळलीच नाही तुमची. तुमचे मामा नुसते हाका देत नाहीत, तुमच्या वाटचं बघतातही तेच. इथे कोण बघणार?"

"माझी पोरगी पुढच्या रविवारी जाणार हो, बाई."

"मला माहितीये. तिनेच सांगितलं." शिट्टीची दोरी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली. "तिला घेऊन तुम्हाला आजच जाऊ दिलं असतं. पण तुम्ही आदळलात तर ती तुमच्यावर येईल. जाताना तिचा हात मोडून पाठवू का?"

तो आठवडा मी मामांना ओट्यावर गप्प बसवलं. त्यांना ते फार जड गेलं. मी उलटा निघालो की त्यांचे ओठ हलायचे, मग ते स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायचे. मी कधी लवकर थांबलो, कधी ओट्याला जाऊन धडकलो. मान वळवली की पाय विसरायचा, पाय आठवला की मान. दर वेळी वाटायचं, अरे, कोणीतरी सांगा ना, कुठवर येऊ?

शेवटचा रविवार उजाडला. संध्याकाळची रेल्वे होती. भिंगरीची आई सामान गाडीत घालूनच रिंकवर आली. "फार वेळ नाहीये रे," ती म्हणाली, पण चिडून नाही. मनगटावरचं घड्याळ तिने वर फिरवून घेतलं आणि फाटकाशी उभी राहिली. भिंगरी बूट घालून आधीच आत गेली होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, निदान तसं ती दाखवत होती.

शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकून अर्धा रिंक मोकळा केला. लाल टी-शर्टवाला आपल्या लेकीला घेऊन कठड्याला टेकला आणि मला अंगठा दाखवला. या वेळी मीही दाखवला.

निघालो. कानात नुसता वारा. मामा नव्हते, आणि मामांची वाट बघायची नाही हे मी मनाला बजावून आलो होतो, तरी कान तिकडेच. मग मान वळवली. मागे कठडा दिसला, अगदी जवळ, त्याच्या रंगाचे उडालेले पोपडेसुद्धा दिसले. गुडघा वाकवला, पाय आडवा टाकला. खर्रर्रर्र. पाय थरथरला, अंग गोल फिरलं, पण थांबलो. हात लांब केला तर कठड्याला बोटं टेकली.

"सुंदर नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "पण थांबलात. घ्या तिला. आणि थांबताना एक हात सोडायचा, नाहीतर मान वळणार नाही."

भिंगरी समोर आली. हातमोजे काढले तिने. हात गार होते. मी स्वतःला मागे ढकललं आणि आम्ही निघालो.

कसं सांगू? तिचं तोंड. समोर, हातभरावर, आणि ते कुठे पळून जात नव्हतं. पुढचे दात मोठे आलेत, एक जरासा तिरका आहे. डाव्या भुवईत माझ्या आईसारखा भोवरा आहे. हनुवटीखाली पांढरी रेघ दिसली.

"हे काय लागलं?" मी विचारलं.

"ते खूप जुनंय, बाबा. झोक्यावरून पडले होते."

मला माहीतच नव्हतं. मी आणखी बघत राहिलो, अधाशासारखा. ती लाजली, मग हसली, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून एकदम मोठ्यांदा ओरडली, "येऊ द्या, येऊ द्या! जरा डावीकडे!"

मामांचीच नक्कल, तोच हेल. मी हसत सुटलो. "किती डावीकडे?"

"येऊ द्या... हां, आता सरळ. येऊ द्या!"

वळण आलं, तिने मला वळणातून नीट काढलं. लांबची बाजू आली. उन्हाचा पट्टा तिच्या तोंडावरून गेला, तिने डोळे बारीक केले. ती बोलतच होती. तिकडच्या रिंकला म्हणे छप्पर आहे. मावशीकडे कुत्रं आहे, पण ते म्हातारं आहे. मध्येच, "येऊ द्या, येऊ द्या." मला वाटलं, हे असं चालू राहावं. दुसरं काहीही नको. गोदाम नको, रविवार नको, सुट्टी नको, फक्त हे.

फेरी संपत आली. फाटक आलं. आता ही बस्स म्हणणार, म्हणून मी गुडघा वाकवून तयार झालो. तिचा आवडता शब्द.

"येऊ द्या," ती म्हणाली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून फाटकाचा खांब सरकून मागे गेला. तिच्या आईची पर्स सरकून गेली.

"भिंगरे, फाटक गेलं."

"येऊ द्या, येऊ द्या."

ती आता माझ्या खांद्यावरून बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. डोळे गच्च भरलेले, आणि हाक मात्र चालू. हळू, दबक्या आवाजात. येऊ द्या. वळण आम्ही कसं घेतलं ते मला आठवत नाही. पुन्हा लांबची बाजू. पुन्हा उन्हाचा पट्टा. मी तिच्या आईकडे बघितलं. ती हाक मारेल, घड्याळ दाखवेल, तर बरं होईल. तिने घड्याळाचा हात पर्सच्या मागे घेतला होता. शिट्टीबाईंची शिट्टी गळ्यात नुसती लोंबत होती. सगळ्या रिंकवर बस्स म्हणायला कोणी तयार नव्हतं, आणि ही पोरगी तर रात्रभर मला फिरवत राहिली असती. आणि मी फिरलो असतो, शपथेवर सांगतो.

फाटक परत येत होतं. मला ते दिसत नव्हतं, अंदाज होता.

मी तिचा उजवा हात सोडला. तिने तो हवेत तसाच धरून ठेवला. मग मी तिच्या तोंडावरून नजर काढली आणि मान मागे वळवली. त्या वळण्याला जेवढी ताकद लागली तेवढी कुठल्या ट्रेलरला लागली नाही. गुडघा. पाय आडवा. खर्रर्रर्र. फाटकाच्या खांबापासून वीतभर अलीकडे थांबलो, नेमका.

तिला ब्रेक लावता येतो, माझ्यापेक्षा चांगला येतो. तिने तो दाबला नाही. सरळ येऊन माझ्या छातीवर आपटली आणि तिथेच राहिली.

"मी बस्स म्हटलं नव्हतं," ती माझ्या शर्टात म्हणाली.

"माहितीये."

"मग का थांबलास?"

"गाडी चुकेल, बाळा."

तिचे हात माझ्या पाठीमागे गेले. थोडा वेळ नुसते तिथे राहिले. मग तिने तळहाताने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. थप थप.